येसूचं डाळिंब आणि तीन पाहुणे

एकदा काय झालं, सात दिवस पावसाची झड लागली आणि आठव्या दिवशी नुसतं दमट ऊन पडलं. वारा नाही, पान हलत नाही. भिजलेल्या जमिनीतून वाफ निघत होती, चुलीवरच्या तपेल्यातून निघावी तशी. असल्या दिवशी माणसाला ग्लानी येते आणि गवताला जोर चढतो, बरं का.

तर एक होता म्हातारा. भिवा त्याचं नाव. घरात तो आणि त्याची नात येसू, दोघंच. येसूचे आईबाप एकाच आठवड्यात तापानं गेले होते. मागं राहिली ही पोर आणि घरामागचं परस. परसात चार वांगी, मिरचीचा वाफा आणि मधोमध एक डाळिंब. येसू जन्मली तेव्हा तिची नाळ तिथंच पुरली होती. तशी रीतच होती तिकडं. आणि वर तिच्या आईनं हे डाळिंब लावलं होतं. म्हणून काय व्हायचं, झाड फुललं की पोर हसायची आणि झाड सुकलं की पोर पडून राहायची.

भिवा फार मऊ मनाचा. हिरवं काही उपटायला त्याचा हात धजायचा नाही.

त्या दमट दिवशी कुंपणातून हरळी आली. म्हणाली, "बाबा, मी गणपतीची. मला नाही म्हणशील?" भिवानं हात जोडले. राहा म्हणाला.

मग लव्हाळा आला. म्हणाला, "बोटभर जागा दे. बोटभरानं तुझं काय जातंय?" भिवा म्हणाला, राहा.

मग तिसरी आली. तिला मूळ नाही, पान नाही. नुसता पिवळा दोर, सोन्यासारखा. ती अमरवेल. म्हणाली, "मला तर जमीनसुद्धा नको. नुसता टेकायला खांदा दे." आणि तिनं खांदा धरला तो डाळिंबाचा.

शेजारची म्हातारी कोंडाई कुंपणावरून ओरडली, "अरे भिवा, पाहुणे ठेवलेस खरे, पण जाणार कधी ते विचारलंस का?"

भिवा नुसता हसला.

मग पंधरा दिवस गेले. हरळीनं वांगी गिळली. लव्हाळ्यानं मिरची गिळली. आणि अमरवेलीनं डाळिंबाला असं गुंडाळलं की पानं गळून गेली. इकडं येसूनं आधी खेळणं सोडलं. मग जेवण सोडलं. मग बोलणं सोडलं. तिचं अंग पिवळं पडलं, त्या दोरासारखंच.

आता भिवा घाबरला. विळा घेऊन परसात शिरला. हरळी कापली, तर तुकडे तिथंच पडले आणि तुकड्यातुकड्याला मूळ फुटलं. लव्हाळा उपटला, तर पात हातात आली, गाठ मातीत राहिली, आणि एकाचे चार झाले. अमरवेल ओरबाडून काढली, तर वीतभर दोर फांदीला राहिला आणि तीन दिवसांत झाड पुन्हा पिवळं.

मग भिवा कोंडाईच्या दारात जाऊन बसला. "कोंडाई, माझी पोर चालली गं."

"आता आठवली होय कोंडाई! ऊठ, खुरपं घे. आणि डोळे पूस आधी. रडत्या डोळ्यांना तण दिसत नाही."

मग दोघं मातीत बसली. हरळीची दोरी पेर पेर सोडवत शेवटच्या मुळापर्यंत काढली आणि तापल्या खडकावर वाळत घातली. मग कोंडाईनं लव्हाळ्याची दांडी भिवाच्या बोटांत दिली. "फिरवून बघ. गवताची काडी गोल लागते. हिला तीन धारा आहेत." मग हातभर खोल माती उकरली, चाळणीनं चाळली. खाली काळ्या गाठी होत्या, एकीला एक जोडलेल्या, माळेसारख्या. एकूण एक वेचल्या. तीन दिवस गेले त्यात.

मग राहिली अमरवेल. तिच्यापुढं कोंडाईनंसुद्धा खुरपं खाली ठेवलं.

"हिचं मूळ झाडातच असतं, भिवा. जिथं जिथं तिनं दात रोवलेत, तिथली फांदी तोडावी लागेल."

"फांदी तोडली तर पोर जाईल."

"नाही तोडली तरी जाईल."

डाळिंबाला पाच फांद्या होत्या. त्यातल्या तीन फांद्यांवर दोर होता. भिवानं पहिली तोडली. घरातून येसूची किंकाळी आली. दुसरी तोडली. येसू कण्हली. तिसरी तोडली. घरातून काहीच आवाज आला नाही.

कोंडाईनं फांद्या दोरासकट पेटवल्या. भिवा घरात धावला. येसूच्या डाव्या हाताची तीन बोटं काळी पडून काडीसारखी वाळली होती. पण राहिलेल्या दोन बोटांनी तिनं म्हाताऱ्याचा आंगठा धरला.

"आबा, भूक लागली."

बोटं काही परत आली नाहीत, बरं का. जे गेलं ते गेलं. पण डाळिंबाच्या दोन फांद्यांना पुढच्या साली फळं धरली, वांगी आली, मिरची आली. दोघंही पोटभर जेवून सुखानं राहिली. आणि रोज सकाळी ऊन तापायच्या आत दोघं परसात वाकायची. कोंब नखाएवढा असतानाच येसू ओळखायची आणि आपल्या दोन बोटांच्या चिमटीनं मुळासकट काढायची. गणपतीसाठी हरळी लागली तर माळावरून आणायची.

झालं. पांघरूण घ्या ओढून. डोळे मिटा. फांद्या जाळल्या त्या दिवशी दिवस मावळला तरी भिवा राखेजवळून उठेना. सारखं परसाकडं बघत बसला. तेव्हा कोंडाईनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ती काय म्हणाली ते तुम्हीही ऐका.

"जा, नीज आता, भिवा. सकाळी परत उगवेल. सकाळी परत उपटू."