रिकामा पाट

डोंगरातली करवंदवाडी आणि नदीपलीकडचा राजा भद्रसेन यांची लढाई झाली आणि वाडी हरली. वाडीचा म्हातारा पाटील सुभानजी तहासाठी राजापुढे हात जोडून उभा राहिला. राजाची अट एकच होती. वाडीत लोखंडाचा तुकडा म्हणून राहता कामा नये.

"महाराज, तलवारी खुशाल न्या," सुभानजी काकुळतीला आला. "पण विळे तेवढे राहू द्या. भात कापायचं कशानं? पोरंबाळं उपाशी मरतील हो!"

राजा म्हणाला, "पाटील, माझा एकुलता एक मुलगा या लढाईत गेला. त्याच्या छातीत तलवार नव्हती. विळा होता."

झालं! विळे गेले, कोयते गेले, चुलीजवळची उलथनीसुद्धा गेली. बायका हातांनी भात उपटू लागल्या. त्यांच्या बोटांची सालटी निघाली.

खंडेनवमी आली. त्या दिवशी घरातली अवजारं पाटावर मांडून पुजायची. पण मांडणार काय? लोकांनी रिकामाच पाट पुजला.

"आजोबा, यावर काय असायचं?" सुभानजीचा नातू खेमा विचारायचा. सुभानजी सांगायचा. ते कोणी नेलं, हेही दरसाल न चुकता सांगायचा. आणि राजा तिकडे समजत होता, लोखंड नेलं म्हणजे वैर मिटलं. भोळाच म्हणायचा बिचारा!

वाडीतली पोरं मोठी झाली. त्यांनी कळकाची टोकं विस्तवात भाजून भाले केले आणि ऐन कापणीत नदी ओलांडली. राजाची फौज बेसावध होती. राजा हरला. पण शेतातल्या कुणा कापणाऱ्याचा विळा खेमाला लागला आणि तो तिथेच गेला.

आता म्हातारा भद्रसेन सुभानजीपुढे उभा होता. "पाटील, बाकी सगळं न्या," तो म्हणाला. "विळे तेवढे राहू द्या. माझी माणसं खातील काय?"

सुभानजीला आपलेच शब्द ओळखू आले. हो म्हणावं, असं त्याच्या मनात आलंही. पण डोळ्यांपुढून खेमा हलेना. राजा तेव्हा इतका निर्दय का झाला होता, ते त्याला आज पुरतं कळलं.

"विळे न्या," तो आपल्या माणसांना म्हणाला. "सुयासुद्धा ठेवू नका."

पुढच्या खंडेनवमीला नदीपलीकडे घरोघरी रिकामे पाट मांडले गेले.

तात्पर्य: जिंकणारा जाचक अटी घालतो, त्या दुःखापोटी आणि भीतीपोटी, आणि पुढची लढाई त्याच अटींतून उभी राहते. हे सोसून शिकलेल्या माणसालाही, स्वतः जिंकल्यावर, हात आवरत नाही.