तीर्थ नको म्हणणारी मखमल

झाडं एकमेकांशी बोलत, तेव्हाची गोष्ट. एका गॅलरीत नियम होता: तुळशीला घालून उरलेलं पाणी म्हणजे तीर्थ, ते नको म्हणायचं नाही. नर्सरीतून मखमल नावाचं जाड, लवदार पानांचं रोप नवीन आलं. ती रोज मुकाट्याने पीत राहिली आणि तिची मुळं कुजली.

“तुळसआजी, थकले मी. माझ्या पानांतच पाणी असतं. रोज नको.”

“आमचा जन्म गेला या पाण्यावर,” तुळस म्हणाली. “तुझेच बरे एवढे नखरे!”

“नर्सरीत शिकून आलीय ना ती!” मोगरा हसला.

सकाळी पुन्हा तांब्या आला. मखमलीने आपलं शेवटचं टणक पान शेजारच्या कोरड्या वाळूच्या कुंडीत टाकलं.

“मी तिथे रुजेन. तीर्थ या कुजलेल्या देठाला पाजा.”