देवराईच्या वेशीवर उभ्या राहून

एकदा एका शिष्येला सकाळच्या वर्तमानपत्रात एक ओळ दिसली आणि तिच्या हातातला कप बशीवर किणकिणला. ओळ तशी साधीच होती. 'देवराईच्या वेशीवर उभ्या राहून त्या उद्वेगाने म्हणाल्या...' आणि पुढे, अवतरणचिन्हांत, गेले काही दिवस सगळीकडे फिरणारे ते वाक्य: "देवराईत देव नाही, नुसती झाडं आहेत."

वाक्य तिला पाठच होते. ती दचकली ती 'वेशीवर उभ्या राहून' या शब्दांनी.

ही शिष्या एका मुक्त ज्ञानकोशात लिहीत असे. संगणकावरचा हा कोश कुणा एकाचा नव्हता. लिहिणारे बिनपगारी, बहुतेक जण टोपणनावाने वावरणारे. तिचे टोपणनाव होते 'शोधयात्री'. कोशाचा एक नियम मात्र कडक होता. आपल्या मनचे काही लिहायचे नाही. दुसरीकडे छापून आलेले असेल तेच लिहायचे, आणि कुठे छापून आले त्याचा संदर्भ खाली द्यायचा.

तारामती गवस नावाच्या वृद्ध बाईंवरचा लेख तिनेच लिहिला होता. तळकोकणातल्या एका खेड्यात या बाईंनी गावाच्या देवराईतले एकही झाड तोडू दिले नव्हते. एका संकेतस्थळावर, वार्ताहराचे नाव नसलेल्या बातमीत, शिष्येला ते वाक्य सापडले. तिने ते लेखात घातले. शेजारी बाईंचा फोटो होता, देवराईच्या तोंडाशी उभ्या असलेल्या. वाक्य जरा कोरडे वाटले, म्हणून फोटो पाहून तिने आपल्या मनाने पुढे जोडले: 'देवराईच्या वेशीवर उभ्या राहून त्या उद्वेगाने म्हणाल्या.' एवढेच. ती केव्हाच विसरूनही गेली होती.

आणि आज ते शब्द वर्तमानपत्रात होते. तिने घाईघाईने हे वाक्य छापणारी बाकीची तीन वर्तमानपत्रे संगणकावर उघडली; आजवर तिने त्यांत वाक्य आहे एवढेच पाहिले होते. तिन्हीत वेस होती, तिन्हीत उद्वेग होता. आपल्याच घराच्या बंद खोलीतून आपलाच आवाज ऐकू यावा, तशी ती खुर्चीत आक्रसली.

योगायोग असेल, तिने मनाला सांगितले. मन ऐकेना. कारण गेला आठवडाभर याच वाक्यावरून कोशाच्या चर्चापानावर वाद पेटला होता, आणि त्या वादात ती जिंकत होती.

'कातळसडा' नावाचा एक सदस्य म्हणत होता, वाक्य काढा, बाई जिवंत आहेत, धोका नको. शिष्येने उत्तर दिले होते, "चार वर्तमानपत्रांत आहे. स्रोत आहेत. मुद्दा संपला."

"ताई, छापलं म्हणजे खरं का?" कातळसड्याने लिहिले. "माझ्या लग्नात स्थळाच्या माहितीत मला 'मितभाषी' छापलं होतं. बायको अजून ते छापणाऱ्याला शोधतेय."

लोक हसले होते. ती हसली नव्हती. संकेतस्थळावरची मूळ बातमी मध्येच नाहीशी झाली, तेव्हा तिने तो मेलेला दुवा काढून जागी वर्तमानपत्राचा संदर्भ लावला होता. नीटनेटके काम. नियमाला धरून.

मग एक नवीनच सदस्य आली. "मी त्यांची भाची. मावशी असं कधीच बोललेली नाही. खात्री करायची तर तिलाच फोन करा," असे लिहून तिने क्रमांक ठेवला. शिष्येने तत्परतेने क्रमांक पुसला, कारण खासगी माहिती उघड्यावर ठेवायची नसते. आणि खाली लिहिले: "संबंधित व्यक्तीचा किंवा नातेवाइकांचा नकार हा स्वतंत्र स्रोत ठरत नाही."

काल मात्र कुणीतरी एक चित्रफीत पाठवली होती. लाल मातीची वाट, एक बांबूचे फाटक, फाटकाबाहेर दहावीस माणसे. एक जण ओरडत होता, "देव नाय म्हणता काय? बाहेर ये आधी!" घराचे दार बंद होते. चित्रफितीखाली लिहिले होते: 'रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी तिच्या दारात जमायचं. जाब घेतल्याशिवाय परतायचं नाही.'

आज रविवार होता.

शिष्येने चपला घातल्या आणि ती गुरूंकडे निघाली.

तिचे गुरू म्हणजे कोशाचे सर्वांत जुने लेखक. गावात त्यांना सगळे अप्पा म्हणत. ओसरीवर बसून ते दर रविवारी नव्या माणसांना कोशाचे काम शिकवत. आज ती एकटीच आली होती. तिने वर्तमानपत्र पुढे ठेवले, वादाची हकिकत सांगितली. वेशीचेही सांगितले, पण शेवटी, हळू आवाजात, आणि लगेच म्हणाली, "पण अप्पा, चार स्रोत आहेत. नियमात तर बसतंय ना?"

तेवढ्यात त्यांची सून विभा पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली.

"विभा," अप्पा शांतपणे म्हणाले, "ही म्हणत होती, वहिनींच्या पोह्यांत नेहमीच मीठ जास्त असतं. दर वेळी पाणी पिऊन पिऊन संपवावे लागतात."

शिष्येचे तोंड उघडे ते उघडेच राहिले. विभाचा चेहरा उतरला. "हो का?" ती म्हणाली. "सांगायचं तरी." बशा ठेवून ती आत गेली. आत भांडे जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

"अप्पा! मी असं कधी..."

"खा," अप्पा म्हणाले. "गार होतील."

तिने बशी उचलून कसेबसे दोन घास खाल्ले. अप्पांनी मात्र शांतपणे वर्तमानपत्र उलगडले. थोड्या वेळाने शेजारच्या सोनटक्केकाकू दही मागायला मागच्या दाराने आल्या, आणि जाताना ओसरीवर डोकावल्या. "काय गं, पोहे खारट लागतात म्हणे तुला? विभा उन्हात बाजारात जाऊन पोहे आणते हो तुमच्यासाठी. एवढं तोंडावर बोलायचं?"

"काकू, मी बोललेच नाही!"

"असू दे, असू दे. आता कशाला नाही म्हणायचं?" काकू गेल्या.

मग अप्पांचा मुलगा बाहेरून आला. त्याला बायकोने फोनवर सांगितले असावे. चपला काढता काढता तो म्हणाला, "आमच्याकडचं मीठ जरा स्वस्तातलं असतं बरं का. पुढच्या रविवारी तुम्ही डबाच आणा." तो हसत होता, पण टोला टोलाच होता.

शिष्येच्या डोळ्यांत पाणी आले. "अप्पा, हे काय चाललंय? तुम्ही त्यांना सांगा ना, मी बोलले नाही म्हणून!"

"का सांगू?" अप्पा म्हणाले. "विभा सांगते, सोनटक्केवहिनी सांगतात, माझा मुलगा सांगतो. तीन माणसं झाली. स्रोत आहेत. मुद्दा संपला."

"पण मीच सांगतेय ना, की मी बोलले नाही!"

"तुझं कसं धरायचं? तू स्वतःच्या बाजूनेच बोलणार. संबंधित व्यक्तीचा नकार हा स्वतंत्र स्रोत ठरत नाही."

तिचेच वाक्य होते ते, शब्द न् शब्द. तिने हातातली बशी खाली ठेवली. म्हणजे अप्पा चर्चापान वाचत होते. आठवडाभर वाचत होते.

अप्पांनी विभाला बाहेर बोलावले. "विभा, मघाशी मी खोटं बोललो. ही पोर तसं काही म्हणाली नाही. तिला काहीतरी समजवायचं होतं, म्हणून तुला दुखवलं. माझं चुकलं."

विभाने दोघांकडे पाहिले. "बरं," ती म्हणाली. "पण अप्पा, आता मीठ घालताना माझा हात अडखळणार. तुम्ही कितीही सांगा."

ती आत गेल्यावर अप्पा शिष्येकडे वळले.

"ऐकलंस? मी वाक्य मागे घेतलं, तरी ते तिच्या हातात उरलं. आणि हे पोह्यांचं वाक्य होतं. तुझं वाक्य देवाचं आहे. तू म्हणतेस चार वर्तमानपत्रं. मी विचारतो, त्या चारांपैकी त्या बाईसमोर कोण बसलं होतं? तिच्या तोंडून ऐकलं असं कोण म्हणतं? चौघांनी तुझी वेस उचलली, म्हणजे चौघांनी तुझा लेख वाचला. तू त्यांच्याकडे बोट दाखवतेस, ते तुझ्याकडे दाखवतात, आणि मधल्या रिकाम्या जागेत ती बाई उभी आहे. गेलेल्या माणसाबद्दल चुकलो तर पुढचा अभ्यासक दुरुस्ती करील. जिवंत माणसाला दार असतं, पोरी. त्या दारावर लोक जातात. म्हणून जिवंत माणसाच्या तोंडी घातलेलं वाक्य शंका येताच आधी काढायचं आणि मग वाद घालायचा. आपल्या कोशाचा हा नियमही तू वाचला आहेस."

वाचला होता. पण आपण वादात वरचढ आहोत याच्या सुखात तो तिच्या डोळ्यांपुढून वाहून गेला होता. तिने पिशवीतून संगणक काढला आणि वाक्य पुसले. चर्चापानावर लिहिले की वेस आणि उद्वेग हे तिच्या मनचे होते, वर्तमानपत्रांनी ते कोशातूनच घेतलेले दिसतात, आणि मूळ बातमीला बोलणाऱ्याचा किंवा ऐकणाऱ्याचा कुठलाही आधार नव्हता. अप्पांनी तोवर त्यांतल्या दोन वर्तमानपत्रांच्या संपादकांना फोन करून खडसावले. मग बाईंच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक मिळवून तिथे संध्याकाळच्या जमावाचे सांगितले. पलीकडून "बघतो" एवढेच उत्तर आले.

"आता?" तिने विचारले.

"आता तिला विचार."

"पण फोनवर विचारलेलं कोशात चालत नाही, अप्पा. छापील लागतं."

"कोशात नको लिहूस. माणसाने माणसाला विचारायचं कुणी बंद केलंय?"

भाचीने ठेवलेला आणि तिने स्वतः पुसलेला क्रमांक चर्चापानाच्या इतिहासात, म्हणजे जुन्या नोंदींत, अजून होता. तिने तो लावला. घंटी वाजत राहिली. घरातला जुना, तारेचा फोन असावा. लांब, पोकळ घंटी. कुणी उचलला नाही.

तिने पुन्हा लावला. पुन्हा. दर घंटीसरशी तिला ते बांबूचे फाटक दिसे. बाई परसात असतील. झोपल्या असतील. घाबरून फोनच उचलत नसतील, कारण गेले काही दिवस फोनवर त्यांना काय ऐकावे लागले असेल, ते आता तिला पोह्यांच्या एका बशीवरून कळत होते. किंवा... त्या 'किंवा'च्या पुढे ती जाईना. भाचीला निरोप टाकला होता, तिचे उत्तर नव्हते. चित्रफितीखाली नवी माणसे लिहीत होती: 'निघालो.' 'आम्ही पण.'

ऊन ओसरीवरून अंगणात उतरले. विभाने न बोलता तिच्यापुढे चहा ठेवला. तिने वर पाहिले. "वहिनी, पोहे खरंच छान होते," ती म्हणाली आणि तिला रडू फुटले. विभाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लाव परत," ती म्हणाली. "लावत राहा."

तिने परत लावला. घंटी वाजली, वाजतच राहिली. ती आता ठेवणार, एवढ्यात कट् असा आवाज झाला आणि पलीकडे कुणाचा तरी श्वास ऐकू आला. त्यामागे गलबला होता, माणसांचा की झाडांतल्या वाऱ्याचा, कळत नव्हते.

"कोण?" म्हातारा, सावध आवाज.

"मी... मी शोधयात्री... म्हणजे, त्या कोशातून..."

"कोण गो तू? हल्ली सगळे बोलतत. नाव कोणच सांगणा नाय."

तिने अप्पांकडे पाहिले. अप्पा अंगणाकडे पाहत होते. जे करायचे ते आता तिचे तिलाच करायचे होते.

"काकू, मी मैथिली नाईकवडे," ती म्हणाली. "ते वाक्य मी तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही ते बोलला होतात का, हे मात्र मी तुम्हाला कधी विचारलंच नाही. आज विचारायला फोन केलाय."