चुटकीला हवी भाजणी

एक होतं स्वयंपाकघर. तिथं फळीखाली एक बीळ होतं. बिळात राहायची एवढीशी चिचुंद्री. तिचं नाव चुटकी. डोळे मिचमिचे, पण नाक? लांबच लांब! सुं सुं, सुं सुं!

फळीवर होता भाजणीचा डबा. भाजणी म्हणजे धान्य भाजून दळलेलं खमंग पीठ. झाकणाला लागलेलं पीठ चुटकी रोज चाटायची. एक दिवस गेली चाटायला, तर काय? झाकण कोरडं! डबा रिकामा!

चुटकीने मग फरसाणाचा चुरा खाल्ला. पोटात आली कळ. "आई गं! मला भाजणीच हवी."

तिने ज्वारी घेतली, बाजरी घेतली, हरभरे घेतले, चिमूटभर धणे घेतले. सगळे दाणे पानात बांधले आणि निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

"जातोबा हो जातोबा, भाजणी दळा!"

जातोबा म्हणाला, "दळीन की! पण कच्चं नाही दळणार. आधी भाजून आण."

तुरुतुरु तुरुतुरु!

"कढई गं कढई, दाणे भाज! जातोबा म्हणतो, भाजून आण."

कढई म्हणाली, "भाजीन की! पण गार बुडाने भाजू कशी? आधी आच आण."

तुरुतुरु तुरुतुरु!

"चुली गं चुली, आच दे! कढई म्हणते, आच आण. जातोबा म्हणतो, भाजून आण."

चूल म्हणाली, "देईन की! पण पोट माझं रिकामं. आधी काटक्या आण."

तुरुतुरु तुरुतुरु! चुटकी गेली परसात.

"चिंचे गं चिंचे, काटक्या दे! चूल म्हणते, काटक्या आण. कढई म्हणते, आच आण. जातोबा म्हणतो, भाजून आण."

चिंच म्हणाली, "देईन की! पण घसा सुकलाय माझा. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु! चुटकी गेली विहिरीवर.

"रहाटा रे रहाटा, पाणी दे! चिंच म्हणते, पाणी आण. चूल म्हणते, काटक्या आण. कढई म्हणते, आच आण. जातोबा म्हणतो, भाजून आण."

रहाट म्हणाला, "देईन की! पण आपला आपण फिरू कसा? आधी माणूस आण."

आता आली का पंचाईत! घरात माणूस एकच. मथूमावशी. ती बसली होती ओसरीवर. पुढ्यात फरसाणाचा पुडा.

"मावशी गं मावशी, दोर ओढ! रहाट म्हणतो, माणूस आण. चिंच म्हणते, पाणी आण. चूल म्हणते, काटक्या आण. कढई म्हणते, आच आण. जातोबा म्हणतो, भाजून आण."

"भाजणी होय?" मावशी हळूच म्हणाली. "कुणासाठी करू गं? माझी पोरं शाळेतून यायची. दप्तर टाकायची. 'आई, भूक लागली!' म्हणायची. डबा भरलेला असायचा. लगेच थालीपीठ तव्यावर! आता पोरं गेली लांब. 'भूक लागली' म्हणायला कुणी नाही. एकटीपुरतं कोण करतं बाई?"

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. चुटकी जवळ गेली. तिने पोट धरलं आणि म्हणाली,

"मावशी, मला भूक लागली!"

मावशी उठलीच! तिने पदर खोचला. दोर ओढला.

रहाट फिरला, कुईं कुईं! चिंचेला पाणी मिळालं. चिंच हलली, सळसळ! चुलीला काटक्या मिळाल्या. चूल पेटली, धगधग! कढईला आच मिळाली. कढई तापली, तडतड!

चुटकीचे दाणे ते केवढे? मावशीने आणखी सूपभर धान्य आणलं. ज्वारी वेगळी भाजली, बाजरी वेगळी भाजली. घाई नाही केली. मग जातोबा फिरला, घर्र घर्र!

आणि वास सुटला! सुं सुं, सुं सुं! मावशीला पोरं आठवली. त्यांची दप्तरं आठवली. ती रडली थोडी, हसली जास्त.

पहिलं थालीपीठ कुणाचं? चुटकीचं! रुपयाएवढं थालीपीठ, मध्ये एक भोक, भोकात लोणी. दुसरं मावशीचं. फरसाणाचा पुडा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी चूल होती, तवा होता, भाजणी तयार होती. भिजवली, थापली, चर्रर्र! झालं थालीपीठ.

चुटकीचं पोट भरलं. मावशीचं पोट भरलं. तुमचं भरलं का? नाही? मग म्हणा बघू जोरात, "भूक लागली!"