गोदूच्या पाठीवरचा खो

एक होतं गाव, आणि गावापेक्षा गावच्या शाळेचं मैदान मोठं. त्या मैदानावर खो-खोच्या रांगेत, अगदी शेवटच्या चौकोनात, एक मुलगी बसलेली असायची. तिचं नाव गोदू. बसलेली म्हणजे बसलेलीच!

गोदूच्या घरी ती आणि तिची आई, दोघीच. आई दिवसभर लोकांच्या मळ्यात खुरपायची, तेव्हा कुठे संध्याकाळी चूल पेटायची. गोदूचा फ्रॉक मावशीच्या जुन्या लुगड्याचा, त्याला एक लाल, एक पिवळं आणि एक मोरपंखी बटण. आणि बरं का, गोदूला कुठलीही गोष्ट शिकायला इतर मुलांपेक्षा खूप खूप वेळ लागायचा. दोनचा पाढा सकाळी तिच्या डोक्यात यायचा आणि दुपारी कुठेतरी निघून जायचा.

गुरुजी म्हणाले, "असू दे. गोदू याच शाळेत शिकेल आणि सगळ्यांबरोबर खेळेल."

गुरुजींचा शब्द मोडायचा कसा? म्हणून कप्तान केशरने तिला संघात घेतलं, शेवटच्या चौकोनात बसवलं आणि खो मात्र कधीच दिला नाही. बाकीच्या मुलींच्या पाठीवर खो बसायचा, त्या टुणकन उठायच्या, धूम पळायच्या. गोदू आपली वाट बघत बसायची. तिला फक्त एक खो हवा होता. एकच! तो मिळत नाही म्हणून तिला फार फार वाईट वाटायचं.

एका शनिवारी डोंगरवाडीच्या शाळेशी सामना होता. सरबताला लिंबं हवीत म्हणून गोदू शाळेच्या बागेत गेली. बाग कशी नटली होती! पिवळाधमक झेंडू, जांभळी गोकर्ण, इवलाली फुलपाखरं. इतक्यात कारल्याच्या वेलातून बारीक आवाज आला, "अगं आई गं! सोडवा कुणीतरी!"

पाहते तर काय, वेलाच्या कुरळ्या दोऱ्यांत बोटभर उंचीचं काहीतरी उलटं लटकलेलं. चंदेरी झगा, चिमुकले चमचमते पंख.

"तू कारलं आहेस का?" गोदूने विचारलं.

"कारलं? मी परी आहे, परी! ओढ मला पटकन!"

"ओढलं तर तुझा पंख फाटेल ना," गोदू म्हणाली आणि एकेक दोरा हळूहळू सोडवत बसली.

"किती हा वेळ!" परी करवादली.

"मला वेळच लागतो," गोदूने सांगितलं.

शेवटी परी सुटली, अख्ख्या पंखांनिशी. ती खूश होऊन गिरकी घेत म्हणाली, "तीन मागण्या माग! पण नियम आहेत हं. जादूने कुणाचं मन बदलायचं नाही. जिंकणं मागायचं नाही. आणि शाळा सुटल्याची घंटा वाजली की जादू खल्लास."

"मग केशरताईला मला खो द्यायला लाव."

"अगं, तेच तर मन बदलणं झालं!"

"मग नियम आज घरी ठेव ना."

"परीराणी कान पिळते गं माझा! त्यापेक्षा तुला तीसपर्यंत पाढे येऊ देत?"

"नको बाई! आत्ता गुरुजी दोनचाच विचारतात. तीसपर्यंत आले तर तीसपर्यंत विचारतील."

परी उडून गोदूच्या खांद्यावर बसली आणि दोघी मैदानावर आल्या. गोदूला सकाळपासून भूक लागली होती. ती म्हणाली, "मैदानावरच्या सगळ्यांना जिलब्या दे."

झालं! आभाळातून केशरी, गरमागरम, चकाकत्या जिलब्या पडू लागल्या. एक केशरच्या वेणीत अडकली, एक गुरुजींच्या चष्म्यावर बसली. सगळ्यांनी बोटं चाटत चाटत खाल्ल्या. आणि मग आल्या मुंग्या! मैदानभर मुंग्या! दोन्ही संघ नाचायला लागले.

"परीताई, मुंग्यांना त्यांचा वाटा देऊन घरी पोचव गं."

परीने कपाळावर हात मारला. "दुसरी मागणी मुंग्यांवर घालवलीस?"

"त्याही पाहुण्याच ना!"

हे सगळं केशरने पाहिलं. ती धावत आली. "गोदू, माझी शहाणी ती! आमच्या पायांत वारा भरायला सांग ना. एवढं माझं ऐक!"

आता एकच मागणी उरली होती. गोदूने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "केशरताईच्या आणि बाकीच्या मुलींच्या पायांत वारा भर."

"आणि तुझ्या?" परीने विचारलं.

"मला कशाला? मी बसूनच असते."

केशरने ते ऐकलं. तिने मान खाली घातली.

शिट्टी वाजली आणि जी काय तारांबळ उडाली म्हणता! केशर सुटली ती थेट खांबापाशी. मधे खो द्यायला थांबताच येईना. बसलेल्या मुलींचे पायही वाऱ्याने वळवळत होते, त्या चौकोनातून घसरत चिंचेच्या झाडाखाली जमा होत होत्या. डोंगरवाडीच्या मुली पोट धरून हसत होत्या. रांगेत जागच्या जागी होती एकटी गोदू. केशर भर्रकन तिच्याजवळून जाताना नाइलाजाने ओरडली, "खो!"

गोदूने वळून पाहिलं. "मला? चुकून नाही ना?"

"ऊठ, ऊठ!"

गोदू उठली. दोन्ही हात पसरून, खिदळत धावली. बाद कुणीच झालं नाही, पण तिचा आनंद मैदानात मावेना. आणि तेवढ्यात घंटा वाजली, ठण्ण ठण्ण! पायांतला वारा फुस्स. मुली झाडाखालून आल्या, आपापल्या जागी बसल्या, गोदूही बसली.

डाव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला आणि केशर धावू लागली. आता सगळ्या पाठी समोर होत्या. "मला दे, मला दे!" मुली कुजबुजत होत्या. केशरला आठवलं, 'मी बसूनच असते.' तिला स्वतःचीच लाज वाटली. ती शेवटच्या चौकोनापर्यंत गेली आणि गोदूच्या पाठीवर तिने जोरात थाप मारली.

"खो!"

गोदू उसळून उठली. धावता धावता तिला दिसलं, डोंगरवाडीच्या चंद्रा नावाच्या मुलीची क्लिप पडली आहे. ती गर्रकन मागे फिरली, क्लिप उचलली आणि चंद्राच्या हातात दिली.

पंचांची शिट्टी! फाऊल!

"गोदे!" केशर किंचाळली. "मधेच मागे फिरायचं नसतं! किती वेळा सांगायचं तुला?"

"एकदा तरी सांगितलंस का?" गोदूने कमरेवर हात ठेवून विचारलं.

केशर तिथेच मातीत बसली आणि बोटाने रेघा ओढून दाखवू लागली. सगळा संघ भोवती गोळा झाला, सगळ्या एकदम ओरडून गोदूला समजावू लागल्या. गोदूचा चेहरा नुसता फुलला होता.

खांबावर बसलेली परी भुर्रकन तिच्या कानाशी आली. "गोदू, परीराणीने निरोप पाठवलाय. तू गुणाची पोर. तिने तुला चौथी मागणी दिलीये. माग!"

"थांब गं परीताई," गोदू म्हणाली, "दिसत नाही का, मला ओरडा बसतोय!"

परी खुदकन हसली. तिने आपल्या चिमुकल्या हाताने गोदूच्या पाठीवर हलकीशी थाप दिली. सोनेरी, गुलाबी, निळा असा लखलखीत प्रकाश मैदानभर पसरला आणि त्यात परी दिसेनाशी झाली.

पण तिकडे बघायला वेळ होता कुणाला? पंचांनी पुन्हा शिट्टी फुंकली. केशर ओरडली, "गोदे, आता खांबापर्यंत सरळ!"

आणि गोदू सरळ धावली.