घंगाळात बुडालेलं गलबत

समुद्राला माणसांची भाषा कळायची, त्या काळातली गोष्ट. हरबाजी सुतारानं हौसेनं हातभर लांबीचं गलबत केलं. नारळी पुनवेला तरंगलं तर खाडीत सोडायचं, नाहीतर जन्मभर फळीवर धूळ खात बसायचं, असं ठरलं.

गलबताचा तोरा काय सांगू! तोल राहावा म्हणून हरबाजी त्याच्या पोटात वाळू भरायला आला, की ते म्हणायचं, "मी काय गाढव आहे, वाळू वाहायला? त्यापेक्षा डोलकाठीला आणखी एक हात रंग दे. वर मोठं निशाण लाव."

पुनवेच्या सकाळी हरबाजीनं ते आधी न्हाणीतल्या घंगाळात सोडलं. गलबत एकदा डुललं आणि निशाणासकट आडवं झालं.

घंगाळ म्हणालं, "काय हो, दर्याचे राजे? आमच्यात तर वीतभरच पाणी आहे!"

नाकातोंडातलं पाणी गाळत गलबत खुदकन हसलं. "पण निशाण कसं झोकात बुडालं, ते पाहिलंस ना? हरबाजी, भर बाबा वाळू."

दुपारी ते खाडीतून ताठ निघालं. काठावरच्या बाया म्हणाल्या, "काय देखणं गलबत आहे गं!"

"गलबत कसलं, बायांनो?" ते म्हणालं. "वाळू वाहणारं गाढव आहे मी. म्हणून तर बुडत नाही."