रविवारची पानं

"पण माई, मी करायचं काय बाकी ठेवलं, ते तरी सांगा."

मुकुंद पळशीकरांनी स्टीलचा मोठा डबा तारामाईंच्या पुढ्यात ठेवला आणि झाकण काढलं.

आत लेट्यूस होतं. म्हणजे गुरुवारी होतं. आज, रविवारी, त्याचा काळपट लगदा झाला होता.

तारामाईंनी वाकून पाहिलं. वास आला, पण त्यांनी नाक मुरडलं नाही.

"तिसरा रविवार," त्या म्हणाल्या.

"तिसरा."

...

पाचगणीच्या उतारावर तारामाईंचा आश्रम होता. आश्रम म्हणजे चार खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. दर रविवारी दुपारी त्या पडवीत पंगत बसे. स्ट्रॉबेरीच्या शेतांत आणि पॅकिंगच्या शेडमध्ये राबणाऱ्या तीस-पस्तीस बायका जेवायला येत.

आठवडाभर या बायका मोठ्या हॉटेलांसाठी लेट्यूस खुडत, निवडत, भरत. त्यांच्या स्वतःच्या पानात ते पडे फक्त रविवारी. भाकरी, आमटी, आणि बाजूला ती गार, कुरकुरीत पानं. वरून लिंबू आणि मीठ.

खालच्या मळ्याचे मालक उरलेले दोन क्रेट पाठवत, पण गुरुवारी. त्यामुळे तीन दिवस ते फ्रिजमध्ये टिकवावं लागे.

मुकुंद पुण्याच्या एका कॉलेजात वीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवत होते. दोन वर्षांपूर्वी बायको गेली. घर खायला उठू लागलं, तेव्हा नोकरी सोडून ते तारामाईंकडे आले आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी दीक्षा मागितली.

"अक्का परवाच मुलीकडे राहायला गेली," तारामाई म्हणाल्या होत्या. "फ्रिज तीच बघायची. आता तू बघ."

मुकुंद मनातल्या मनात हसले होते. एवढंच?

...

"पानं तीन-तीनदा धुतो," मुकुंद सांगत होते. "एकही मातीचा कण राहू देत नाही. डबा ठासून भरतो, हवा शिरू नये म्हणून. झाकण घट्ट लावतो. तीन दिवस उघडतसुद्धा नाही. आणि तरीही हे असं. मला एवढं जमत नसेल, तर दीक्षा कुठल्या तोंडानं मागायची? उद्याच्या एसटीनं मी खाली जातो."

तारामाईंनी डबा जरा बाजूला सरकवला.

"नाहीतर तुम्ही सांगा, काय चुकतंय."

"मला ठाऊक नाही."

"माई, परीक्षा घेताय माझी."

"नाही रे बाबा. खरंच ठाऊक नाही."

...

"मग विचारायचं कुणाला?"

तारामाईंनी पडवीकडे पाहिलं. बायका यायला लागल्या होत्या. नळावर हातपाय धूत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या.

"हौसाला विचार. नऊ वर्षं शेडमध्ये पानंच भरतेय ती."

मुकुंदांची मान ताठ झाली.

"ती नाही सांगायची."

"का?"

 

"पहिल्या रविवारी ती फ्रिजपाशी आली होती," मुकुंद म्हणाले. "मला म्हणाली, सर, ह्ये असं ठेवू नगा. मी म्हटलं, बाई, आधी हात बघा तुमचे. फ्रिजला हात लावायचा नाही."

"मग?"

"तिनं हात पदराखाली घेतले. त्यानंतर ती इकडं फिरकली नाही."

हे ते पहिल्यांदाच कुणाला सांगत होते. सांगताना त्यांचं लक्ष आपल्याच हातांकडे होतं. गोरे, स्वच्छ, नखं कापलेले हात.

तारामाई उठल्या. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत उठल्या. स्वतःचं लोकरी आसन त्यांनी उचललं. त्या आसनावर त्यांच्याशिवाय कधी कुणी बसलेलं नव्हतं. ते त्यांनी पडवीत नेलं, खांबाशी अंथरलं.

"हौसा, इथं बस."

"अगं बया! न्हाई माई, माझी साडी बघा कशी मळलीया."

"बस म्हणते ना."

हौसाबाई आसनाच्या अगदी कडेला टेकल्या. तारामाई त्यांच्या समोर, खाली फरशीवर बसल्या. मांडीवर हात जुळवून.

"आता सांग. पानं कशी ठेवायची?"

पडवीतल्या बायका वळून बघू लागल्या.

मुकुंद दारात उभे होते. वीस वर्षं ते उभे राहून बोलले होते आणि समोर बसलेल्यांनी ऐकलं होतं. इतक्या डोळ्यांसमोर खाली बसायचं कसं, ते पायांना कळेना.

...

ते बसले. तारामाईंच्या शेजारी, फरशीवर. डबा मध्ये ठेवला.

"हौसाबाई, त्या दिवशी मी... तुम्ही मदत करायला आला होता. मी तुमचा अपमान केला. चुकलं माझं."

हौसाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. डब्याकडे पाहत होत्या.

"आदी ह्ये टाकून या, सर. लई वास सुटलाय."

बायका हसल्या. मुकुंदांनाही हसू आलं. त्यांनी डबा मागच्या खड्ड्यात रिकामा केला, घासून आणला.

"दुसऱ्या क्रेटातलं काय ऱ्हायलंय का?" हौसाबाईंनी विचारलं.

एकच गड्डा राहिला होता. डब्यात मावला नाही म्हणून तसाच पडलेला. कुजला नव्हता, पण चिंधीसारखा लोळला होता.

"हा तर गेला," मुकुंद म्हणाले.

"कुटं गेला? तहानलाय त्यो."

हौसाबाईंनी फ्रिजमधल्या बाटलीचं गार पाणी परातीत ओतायला लावलं. पानं सुटी करून त्यात बुडवली आणि परात बाजूला सारली.

"आता सांगा. धुता?"

"तीनदा."

"आन् पुसता?"

...

"पुसायचं असतं?"

या वेळी सगळी पडवी हसली. तारामाईसुद्धा.

"पान्यानंच कुजतं ते, सर. पानाला प्यायला पानी पायजे, पर पान्यात निजायला नगं. एकदा धुवा, झटका, फडक्यावर पसरा. पाक कोरडं हुं द्या. मग डब्यात खाली सुती फडकं, वर पानं, वर आनि एक फडकं."

"ठासून?"

"छ्या! सैल. हात आत गेला पायजे. आन् डबा रोज उगडायचा."

"रोज? हवा लागेल ना."

"लागू द्या की. फडकं वलं झालं आसंल तर बदलायचं. एखादं पान नासाय लागलं तर तेवढं काढायचं. तुमी तीन दिस बगतच न्हाई, मग ते एक पान समद्यांना घिऊन बसतं. आन् ती परसादाची केळी फ्रिजातनं भाईर काडा. पिकल्या फळाशेजारी पाला लवकर पिवळा पडतो."

मुकुंदांनी खिशातली वही काढली. लिहायला लागले.

"तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

हौसाबाईंनी परात जवळ ओढली.

"पैल्या वर्साला माझ्या हातचे आठ क्रेट हाटेलातनं परत आले. समद्यांच्या म्होरं मुकादमानं माझ्या पायाशी वतले. दिसभर रडले मी. कामावर जायाचंच न्हाई आसं ठरवलं हुतं." त्यांनी एक पान पाण्यातून उचलून पाहिलं आणि परत ठेवलं. "दुसऱ्या दिशी गेले. शेजारच्या बाईला इचारलं."

...

आमटी वाढून होईपर्यंत परातीतली पानं ताठ झाली होती. मुकुंदांना खरं वाटेना. त्यांनी एक पान उचललं, मोडलं. कट्‌ असा आवाज झाला.

गड्डा एकच, बायका तेहतीस. प्रत्येकीच्या वाट्याला अर्धं पान आलं. मुकुंदांनी ते स्वतः वाढलं, ओळीनं. हौसाबाईंपाशी आले तेव्हा त्यांनी हात पदराखालून काढून पुढं केला.

सोमवारची एसटी आली आणि गेली.

गुरुवारी क्रेट आले. मुकुंदांनी पानं एकदाच धुतली. आपली दोन जुनी धोतरं फाडून पडवीभर पसरली आणि गुडघ्यांवर बसून एकेक पान टिपलं. सकाळची दुपार झाली. फ्रिजमधली केळी त्यांनी स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.

शुक्रवारी डबे उघडले. फडकी दमट झाली होती. बदलली. शनिवारी एका पानाची कड तपकिरी दिसली. ते पान काढलं. इतर पानांवरून बोटं फिरवताना त्यांच्या लक्षात आलं, की गेला तासभर आपण कुठल्याही विचारात नव्हतो. घराच्याही नाही.

रविवारी पंगत बसली. मुकुंदांनी पहिलं पान हौसाबाईंना वाढलं आणि तिथंच उभे राहिले.

हौसाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, पानात गुंडाळला, तोंडात घातला. कुरकुर आवाज आला.

...

"व्हय," त्या म्हणाल्या.

एवढंच. मुकुंदांनी तोंड फिरवलं, आणि उगाचच लिंबांची वाटी घेऊन पुढं गेले. पडवीभर तो कुरकुर आवाज चालला होता. कुणीतरी परत मागितलं. मग सगळ्यांनीच परत मागितलं.

पंगत उठायला आली तेव्हा मुकुंद तारामाईंच्या खोलीत गेले. हातात एक डबा होता, काठोकाठ भरलेला. चेहरा उजळला होता.

"माई, बघा. सगळं टवटवीत आहे. एकच पान काय ते गेलं. हा डबा मी मुद्दाम बाजूला ठेवलाय. आठ दिवस टिकेल, कदाचित पंधराही टिकेल. रोज तुम्हाला आणून दाखवतो."

तारामाईंनी डब्यात हात घालून एक पान उचललं. उजेडात धरलं. हिरव्या पानातून ऊन त्यांच्या बोटांवर पडलं. त्यांनी ते पुन्हा डब्यात ठेवलं.

"छान ठेवलंस."

मुकुंद वाट पाहत उभे राहिले.

बाहेर नळाचा आवाज आला. सकाळची पाळी संपवून दोन बायका उशिरा पोचल्या होत्या. पाय धूत होत्या. जेवण उरलंय का, असं एक दुसरीला विचारत होती.

...

"मुकुंद," तारामाई म्हणाल्या, "मला रिकामा डबा आणून दाखव."